डॉर्चेस्टरचं जुनं घर, लाकडाचा छोटासा ढीग आणि रसेल मोरॅश : एक प्रकरण अभ्यास

१९ जून २०२४ ला रसेल मोरॅश गेले, वयाच्या ८८ व्या वर्षी. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नाही आणि खरं सांगायचं तर अमेरिकेतही ज्यांनी त्यांचे कार्यक्रम वर्षानुवर्षं बघितले त्यातल्या बऱ्याच जणांना ते माहीत नव्हतं, कारण हा माणूस कायम कॅमेऱ्याच्या मागे राहिला. पण घर दुरुस्ती, सुतारकाम, बागकाम, स्वयंपाक असं काहीही 'कसं करायचं' हे आज आपण स्क्रीनवर बघतो त्या सगळ्याची पायवाट ज्यांनी पाडली त्यात मोरॅश यांचं नाव पहिल्या दोन-तीनात घ्यावं लागतं. त्यांच्या पूर्ण कारकिर्दीवर लिहायचं तर पुस्तक होईल म्हणून इथे एकच प्रकरण घेतोय, १९७९ साली बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागातलं एक जुनं घर, ते टीव्हीवर दुरुस्त करायचा निर्णय, आणि त्या निर्णयातून पुढे काय काय निघालं ते. मागचं-पुढचं थोडं येईलच, त्याशिवाय हा निर्णय कळत नाही.

आधीची तयारी

मोरॅश लेक्सिंग्टनमध्ये वाढले, बॉस्टनच्या बाहेरचं गाव, अमेरिकन क्रांतीची पहिली चकमक जिथे झाली तेच. वडील घरं बांधण्याच्या धंद्यात. त्यामुळे भुशाचा वास, माप घेणारी माणसं, कामावर वेळेत न येणारे लोक, हे सगळं लहानपणापासून बघितलेलं. शिक्षण मात्र नाटकाचं, बॉस्टन युनिव्हर्सिटीतून १९५७ मध्ये पदवी. त्यानंतर डब्ल्यूजीबीएच या बॉस्टनच्या शैक्षणिक टीव्ही स्टेशनमध्ये कॅमेरामन म्हणून लागले आणि पुढे तिथेच दिग्दर्शक, मग निर्माता झाले.

हे स्टेशन म्हणजे तेव्हा पैशाची कायम ओढाताण. त्यात १९६१ मध्ये बॉस्टनला लागूनच असलेल्या केंब्रिजमधला त्यांचा स्टुडिओ आगीत जळून गेला. अशा वेळी एके दिवशी फोन आला, पलीकडे एक वेगळ्याच आवाजाची बाई, पुस्तकांवरच्या कार्यक्रमात मुलाखतीला येणार होती आणि तिला हवी होती एक हॉट प्लेट, म्हणजे आपली साधी इलेक्ट्रिकची शेगडी, कारण पुस्तकावर नुसतं बोलत बसण्यापेक्षा ती ऑम्लेट करून दाखवणार होती. फोन घेतला मोरॅश यांनी. बाई होत्या ज्युलिया चाइल्ड, फ्रेंच स्वयंपाकावरच्या पुस्तकाच्या लेखिका. १९६२ ची गोष्ट. प्रेक्षकांची पत्रं आली, आणि फेब्रुवारी १९६३ मध्ये 'द फ्रेंच शेफ' सुरू झाला, निर्माता-दिग्दर्शक रसेल मोरॅश.

स्टुडिओ जळालेला, मग शूटिंग कुठे करायचं? केंब्रिजच्या वीज कंपनीचं एक प्रात्यक्षिकासाठीचं किचन होतं, तिथे. कॅमेरे आणि सामान इमारतीच्या बाहेरच्या लोखंडी जिन्यावरून वर चढवायचं. दोन कॅमेरे, आणि एडिटिंग परवडत नाही म्हणून एकदा सुरू केलं की अर्धा तास जवळजवळ न थांबता. बाईंनी एकदा बटाट्याचा थर पॅनमध्ये उलटायला हवेत उडवला तर अर्धा शेगडीवर सांडला, आणि त्यांनी तो शांतपणे उचलून परत पॅनमध्ये घातला, किचनमध्ये आपण एकटेच तर असतो कोण बघतंय असं म्हणत. ते तसंच प्रसारित झालं. आज आपण त्याला धाडस म्हणू पण मूळ कारण साधं आहे, परत शूट करायला पैसे नव्हते. मला यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: हातात पैसे आल्यावरही मोरॅश यांनी ही पद्धत सोडली नाही. जे नाईलाजाने करावं लागलं होतं त्यात काय चांगलं आहे हे त्यांना दिसलं होतं. ज्याला काम येतं त्याला काम करू द्यायचं, कॅमेऱ्याने त्याच्या मागे जायचं, आणि काही चुकलं तर ती चूक कशी सावरली हे प्रेक्षकाला बघू द्यायचं.

एक आवडती गोष्ट सांगून टाकतो. शूटिंगनंतर उरलेले अर्धवट शिजलेले पदार्थ मोरॅश घरी घेऊन जायचे, सोबत ज्युलिया चाइल्ड यांच्या सूचना, हे पुढे असं शिजव, ते तसं संपव. त्यांच्या पत्नी मॅरियन त्या सूचनांवरून स्वयंपाक पूर्ण करायच्या, आणि असं शिकत शिकत पुढे त्या स्वतः उत्तम शेफ झाल्या, टीव्हीवर आल्या, भाज्यांवर त्यांचं जाडजूड पुस्तक निघालं. घरचा माणूस टीव्ही बनवतो आणि घरातच त्याचा सगळ्यात चांगला विद्यार्थी तयार होतो, याहून मोठी पावती कुठली.

१९७५ मध्ये बागकाम. स्टेशनच्या आवारात खरी भाजीची बाग लावली आणि जेम्स क्रॉकेट नावाच्या जाणकार माणसाला उभं केलं, तो कार्यक्रम पुढे 'द व्हिक्टरी गार्डन' म्हणून प्रसिद्ध झाला. खरी बाग म्हणजे खरी कीड, खरा पाऊस, टोमॅटो नाही आले तर नाही आले. आपल्याकडे मुंबई दूरदर्शनवर 'आमची माती आमची माणसं' बघत जे मोठे झाले त्यांना हा भाव लगेच कळेल, बांधावर उभ्या असलेल्या माणसाला ऐकण्यात जी मजा आहे ती स्टुडिओतल्या खुर्चीत येत नाही.

मूळ प्रश्न

आता डॉर्चेस्टर. मोरॅश यांनी स्वतः लेक्सिंग्टनमध्ये एक जुनं फार्महाऊस घेतलं होतं, १९ व्या शतकातलं, आणि ते दुरुस्त करताना जे काही सोसलं त्यातून ही कल्पना आली. ज्यांनी जुन्या घराचं काम काढलंय त्यांना वेगळं सांगायला नको. एक भिंत उघडायला जावं तर आत दुसरंच काहीतरी निघतं, प्लंबर म्हणतो इलेक्ट्रिशियनचं होऊ दे, इलेक्ट्रिशियन म्हणतो सुताराचं होऊ दे, आणि बजेट तर पहिल्या महिन्यातच गेलेलं असतं. मोरॅश यांचं म्हणणं असं की या सगळ्या गोंधळात लोकांना इतका रस असतो, शेजारच्या घराचं काम निघालं तर येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून बघतो, तर हे टीव्हीवर का नाही?

त्या काळाचाही विचार करा. १९७३ च्या तेलसंकटानंतर हीटिंगचं बिल हा न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे बॉस्टन ज्यात येतं त्या अमेरिकेच्या थंड ईशान्य कोपऱ्यात, घरोघरीचा विषय, आणि १९७९ मध्ये इराणमुळे दुसरा झटका बसला. तिथली घरं लाकडाची, दोन फळ्यांच्या मधे पोकळी, जुन्या घरात त्या पोकळीत काहीच भरलेलं नसायचं, म्हणजे जानेवारीत तुम्ही भट्टी पेटवायची आणि उष्णता भिंतीतून बाहेर. महागाई वाढतेय, घरकर्जाचे दर चढतायत (पुढे ऑक्टोबर १९८१ मध्ये ३० वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर १८ टक्क्यांच्या वर गेला होता), त्यामुळे नवीन घर घेण्यापेक्षा आहे ते नीट करा ही लोकांची गरज होती. आणि डॉर्चेस्टर म्हणजे बॉस्टनचा कष्टकऱ्यांचा भाग, १९७४ पासून शाळांमधल्या वर्णभेदाच्या प्रश्नावरून शहर पेटलेलं, लोक उपनगरांत निघून जातायत, चांगली घरं ओस पडतायत. अशा ठिकाणचं घर निवडणं ही नुसती टीव्हीची सोय नव्हती, निदान मला तरी तसं वाटत नाही. जिथून लोक निघून जातायत तिथे एक सार्वजनिक संस्था येते, घर विकत घेते आणि म्हणते हे वाचवण्यासारखं आहे.

हो, विकत घेतलं. स्टेशननेच पर्सिव्हल स्ट्रीटवरचं ६ नंबरचं घर घेतलं, दुरुस्त करायचं आणि विकायचं असा बेत. १३ भाग, तेही फक्त बॉस्टनपुरते, एकदाच करायचे. नाव 'धिस ओल्ड हाउस'.

समोरचे पर्याय बघितले की निर्णय किती अवघड होता ते कळतं. सोपा रस्ता हा की स्टुडिओत एक भिंत उभी करा, प्रत्येक भागात एक छोटं काम, नळ बदलणं, खिडकी बसवणं, एकच निवेदक, लिहिलेले संवाद, सगळं आपल्या ताब्यात. दुसरा रस्ता म्हणजे खऱ्या घरात जाणं, जिथे उजेड कमी, धूळ प्रचंड, आवाज प्रचंड, काम कधी संपेल ते कुणालाच सांगता येत नाही, आणि भाग मात्र ठरलेल्या दिवशी द्यायचाच आहे. मोरॅश यांनी दुसरा रस्ता घेतला, आणि पुढे जाऊन एकाच घरावर पूर्ण मालिका करायची असं ठरवलं. म्हणजे प्रेक्षक पहिल्या आठवड्यात कुजलेलं लाकूड बघणार आणि तेराव्या आठवड्यापर्यंत त्याच घरासोबत राहणार. टीव्हीवर घर हे पात्र झालं ते इथे.

माणसं

निवेदक म्हणून घेतला बॉब व्हीला. मूळ क्यूबन कुटुंबातला, जन्म मायामीचा, बॉस्टनजवळ न्यूटनमध्ये त्याने स्वतः दुरुस्त केलेलं एक जुनं व्हिक्टोरियन घर मोरॅश यांच्या नजरेत आलं होतं. बोलका, दिसायला छान, आणि मुख्य म्हणजे प्रेक्षकाच्या मनातला प्रश्न विचारणारा. पण प्रश्न विचारायला समोर उत्तर देणारा लागतो ना.

तो मिळाला त्याची गोष्ट या सगळ्या प्रकरणातली मला सगळ्यात मोलाची वाटते. मोरॅश यांच्या परसात एक वर्कशॉप बांधायचं होतं आणि त्या कामावर नॉर्म एब्राम नावाचा तरुण सुतार आला. बाप सुतार, स्वतः मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीत इंजिनीअरिंग आणि बिझनेस शिकलेला, पण मन लाकडात. मोरॅश यांचं लक्ष गेलं कुठे, तर काम चालू असताना बाजूला पडणाऱ्या तुकड्यांच्या ढिगाकडे. तो ढीग अगदी छोटा होता. बस्स. यावरून त्यांनी माणूस ओळखला.

आता हे जरा जवळून बघा. बांधकामावरचा टाकाऊ लाकडाचा ढीग हा सुताराच्या प्रगतिपुस्तकासारखा असतो. माप चुकलं की फळी आखूड पडते, ती ढिगात जाते. आधी नीट विचार न करता लांब फळीतून छोटे तुकडे कापले की मोठा तुकडा हवा तेव्हा नवीन फळी घ्यावी लागते, उरलेलं ढिगात. कुठली फळी कुठे वापरायची, गाठ कुठे येणार, वाकडी फळी कुठे लपवता येईल, हे करवत हातात घ्यायच्या आधी ज्याच्या डोक्यात पक्कं असतं त्याचाच ढीग छोटा राहतो. कुणाच्या बोलण्यावरून, दिसण्यावरून, ओळखीवरून नाही, तर त्याने काय वाया घालवलं नाही यावरून त्याला निवडायचं, हे करायला निवडणाऱ्याला स्वतःला काम कळावं लागतं. बिल्डरच्या घरात वाढलेल्या नाटकवाल्यालाच ते जमलं. नुसत्या टीव्हीवाल्याने ढिगाकडे बघितलंच नसतं.

डॉर्चेस्टरचं काम त्याच नॉर्मला दिलं आणि त्याला कॅमेऱ्यासमोर आणलं. तो लाजाळू, कमी बोलणारा, चौकड्याचा शर्ट, दाढी. अभिनयाचा गंध नाही. पण हात चालू असताना तो सहज बोलायचा, आणि लोकांनी त्याच्यावर विश्वास टाकला. तसेच प्लंबिंगला ट्रेथवे, आधी वडील रॉन आणि नंतर मुलगा रिचर्ड, पुढे कंत्राटदार टॉम सिल्व्हा, बागेला रॉजर कुक. सगळे आपापल्या धंद्यातले खरे लोक, टीव्हीचे नव्हेत, आणि ज्यांची घरं दुरुस्त व्हायची त्यांच्यासाठी ते कंत्राटदारच होते.

कॅमेरा कसा वापरला

खांद्यावर घ्यायचे पोर्टेबल व्हिडिओ कॅमेरे त्या सुमाराला नुकतेच रुळत होते, बातम्यांसाठी मुख्यतः. मोरॅश यांनी ते घरात नेले. एक कॅमेरा, लांब लांब शॉट, संवाद लिहिलेले नाहीत. निवेदक दारातून आत येतो, जिन्यावरून वर जातो, एका कारागिराशी बोलतो, मग पुढच्या खोलीत दुसऱ्याशी, आणि कॅमेरा न तुटता त्याच्या मागे. याचा फायदा काय, तर बघणाऱ्याला घराचा नकाशा कळतो. स्वयंपाकघर कुठे, त्याच्या वर कुठली खोली, त्या खोलीतल्या बाथरूमचा पाइप खाली कुठल्या भिंतीतून येतो. तुकडे तुकडे जोडलेल्या व्हिडिओत हे कधीच कळत नाही, आपल्याला फक्त आधी आणि नंतर दिसतं, मधलं घर हरवतं.

दुसरं म्हणजे लांब शॉटमध्ये खोटं बोलणं अवघड असतं. प्लंबर खरंच पाइप जोडतोय की नुसता हात लावून उभा आहे ते तीन सेकंदांच्या शॉटमध्ये झाकता येतं, दोन मिनिटांच्या शॉटमध्ये नाही. त्यामुळे समोर खरा प्लंबर लागतोच. मला वाटतं मोरॅश यांच्या पद्धतीचा कणा हाच आहे, माणसं आणि कॅमेरा हे दोन वेगळे निर्णय नव्हतेच, एक घेतला की दुसरा आपोआप घ्यावा लागत होता.

परिणाम? एकदाच करायचा कार्यक्रम थांबलाच नाही. बॉस्टनमध्ये लोकांनी उचलून धरला, मग पीबीएस या सार्वजनिक टीव्हीच्या देशव्यापी जाळ्यावरून देशभर गेला, आणि आजही चालू आहे.

पैशाचा प्रश्न आणि १९८९

पण दरवेळी स्टेशनने घर विकत घ्यायचं हे झेपणारं नव्हतं. दुसऱ्या खेपेला त्यांनी न्यूटनमधलं बिगेलो हाउस घेतलं, एच. एच. रिचर्डसन या नामांकित वास्तुविशारदाने बांधलेलं, बॉस्टनचं ट्रिनिटी चर्च ज्याचं तोच. मोठं, मोडकळीला आलेलं, त्याचे पाच कॉन्डो, म्हणजे स्वतंत्र मालकीचे फ्लॅट, केले. त्यानंतर खऱ्या घरमालकांची घरं सुरू झाली, मालक आपले पैसे घालणार, कंपन्या काही सामान देणार. यात एक फार चांगली गोष्ट झाली की नवरा-बायकोतले मतभेद, बजेटची भीती, 'हे आत्ता करू की पुढच्या वर्षी' हे सगळं कार्यक्रमात आलं. आणि एक गोष्ट माझ्या मते बिघडली, घरं हळूहळू मोठी होत गेली, स्वयंपाकघरं महागडी होत गेली, होनोलुलू, लंडन, नॅन्टकेट अशा ठिकाणी मालिका गेल्या. बघायला सुंदर, शिकायलाही भरपूर, पण डॉर्चेस्टरच्या घरात सामान्य माणसाला जी जागा होती ती नंतर कमी होत गेली असं मला मनापासून वाटतं.

सार्वजनिक टीव्ही म्हणजे जाहिराती नाहीत पण प्रायोजक आहेत, आणि खरी परीक्षा तिथेच झाली. १९८९ मध्ये व्हीला घरदुरुस्तीचं सामान विकणाऱ्या एका दुकानसाखळीच्या जाहिरातीत होता, रिकेल नावाची, आणि ती होम डेपोची स्पर्धक. होम डेपो कार्यक्रमाचा प्रायोजक होता, त्याने हात काढून घेतला. स्टेशनने व्हीलाला निरोप दिला. दहा वर्षं जो चेहरा म्हणजेच कार्यक्रम असं लोक समजत होते तो गेला. पेपरांत चर्चा, लोकांना वाटलं आता संपलं हे.

संपलं नाही. का, हा या प्रकरणाचा सगळ्यात अभ्यासण्यासारखा भाग आहे. कारण ज्ञान चेहऱ्यात नव्हतंच. नॉर्म होता, ट्रेथवे होता, टॉम सिल्व्हा होता, घर होतं. निवेदकाचं काम होतं नीट विचारणं, आणि ते काम दुसरा माणूस करू शकत होता. मोरॅश यांनी आणला तो स्टीव्ह थॉमस, ज्याने आधी प्रशांत महासागरातल्या सातावाल बेटावर माउ पियाइलुग या दर्यावर्दीकडे नकाशा-होकायंत्राशिवाय, ताऱ्यांवरून आणि लाटांवरून होडी कशी हाकायची ते शिकून घेतलं होतं. वरवर बघता घरबांधणीशी काय संबंध? पण उस्तादासमोर बसून शिकायचं कसं, काय विचारायचं आणि कधी गप्प बसायचं हे ज्याला येतं, तोच माणूस सुतारासमोर उभा करायला हवा होता. थॉमस २००३ पर्यंत राहिला, मग केव्हिन ओ'कॉनर आला, तो तर आधी प्रेक्षक, त्याचं स्वतःचं घर दुरुस्तीला काढलेलं. विचारणारे बदलले, करणारे टिकले. व्हीलाबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही हे स्पष्ट सांगतो, पहिली दहा वर्षं लोकांना ओढून आणली ती त्यानेच, आणि त्याने पुढे स्वतःचा वेगळा कार्यक्रमही चांगला चालवला.

नॉर्मचं वर्कशॉप

त्याच १९८९ मध्ये मोरॅश यांनी नॉर्मला स्वतंत्र कार्यक्रम दिला, 'द न्यू यांकी वर्कशॉप'. घर नाही, फक्त लाकूड. शूटिंग मोरॅश यांच्या स्वतःच्या जागेतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये, ज्याचा पत्ता सांगत नसत नाहीतर गर्दी झाली असती. २००९ पर्यंत २१ सीझन.

याचा साचा असा. नॉर्म आधी एखादी जुनी वस्तू बघायला जातो, संग्रहालयात किंवा शेकर पंथीयांच्या (साध्या, सुबक फर्निचरसाठी ओळखला जाणारा एक ख्रिस्ती पंथ) जुन्या वस्तीत, तिचे सांधे कसे आहेत, लाकूड कुठलं, प्रमाण कसं हे निरखतो. मग वर्कशॉपमध्ये त्याने आधीच एक नमुना तयार करून ठेवलेला असतो, तो समोर ठेवून दुसरा नग आपल्यासमोर बनवतो. नमुना करताना जिथे अडचण आली ते त्याला माहीत असतं म्हणून तो बरोबर तिथेच थांबतो आणि सांगतो. अर्ध्या तासात एक कपाट पूर्ण होताना बघून वाटतं किती सोपं, पण नीट बघाल तर सोपेपणा कुठून येतोय ते दिसतं. ड्रॉवरच्या खाचा पाडायच्या असतील तर तो चारही फळ्यांना आधी खुणा करतो, पुढची कुठली, मागची कुठली, आतली बाजू कुठली, मग एकदा मशीन लावलं की सगळ्या फळ्यांवरची तीच खाच एका दमात, मशीनची सेटिंग न हलवता. टाकाऊ तुकड्यावर आधी चाचणी काप, तो बरोबर बसला तरच खऱ्या लाकडाला हात. गोंद लावला की शिकंजे आवळून कर्ण मोजतो, एक कर्ण आणि दुसरा कर्ण सारखे आले म्हणजे चौकट काटकोनात, नाहीतर गोंद ओला आहे तोवर सरकवून घ्यायची. आपल्या गावाकडचा सुतार दोरी लावून दाराची चौकट तपासतो ते हेच. शाळेत आयताचे कर्ण शिकलो त्याचा उपयोग मला इथे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला.

आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला न चुकता सुरक्षिततेचं बोलणं, मशीनबरोबर आलेले नियम वाचा, समजून घ्या, पाळा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा चष्मा घाला. २१ सीझन तेच वाक्य. आजच्या हिशोबाने कुणी म्हणेल हे दर वेळी कशाला, प्रेक्षक पळून जातील. पण कुणीतरी त्या दिवशी पहिल्यांदाच बघत असणार आणि त्याच आठवड्यात करवत विकत आणणार, ही जबाबदारी मोरॅश यांनी मानली.

लोकांची एक तक्रार कायम असायची की नॉर्मकडे सगळी मोठी मोठी मशीन्स, आमच्याकडे कुठे. तक्रार खरी आहे. साध्या हत्यारांवर त्यांनी आणखी भर दिला असता तर बरं झालं असतं असं मलाही वाटतं. तरी ज्या लोकांनी आयुष्यात लाकडाला हात लावला नव्हता अशा अनेकांनी तो बघून पहिलं स्टूल केलं, आणि कार्यक्रमाची मोजमापांसकट ड्रॉइंग्ज लोक मागवून घ्यायचे, म्हणजे बघून सोडून देणाऱ्यांचा हा प्रेक्षक नव्हता.

नंतर

१९९१ मध्ये तर एक अख्खी विनोदी मालिका आली जिचा नायक टीव्हीवर हत्यारांचा कार्यक्रम करतो, म्हणजे हा प्रकार एव्हाना घरोघरी किती पोचला होता बघा. १९९४ मध्ये एचजीटीव्ही, घराबागेचं पूर्ण चोवीस तासांचं चॅनल सुरू झालं. तिथून पुढे वेग वाढला, तासाभरात घर बदलणार, शेवटी पडदा बाजूला आणि मालकीण रडणार. त्यात कामाचा वेळ गायब झाला. प्लास्टर सुकायला लागतो तो वेळ, परवानगीसाठी थांबण्याचा वेळ, चुकीची खिडकी आली म्हणून परत पाठवण्याचा वेळ. इथे अमेरिकेत आपली मराठी मंडळी घर घेतात तेव्हा मी हे वारंवार बघतो, टीव्हीवर बघून सहा आठवड्यांत किचन होईल असं धरून चालतात आणि मग कंत्राटदाराशी भांडणं. मोरॅश यांचा जुना एखादा सीझन आधी बघितला असता तर प्रश्न वेगळे विचारले असते, भिंतीत काय आहे, कुठली भिंत छताचं वजन घेतेय, पाणी कुठून शिरतंय.

२००१ मध्ये 'धिस ओल्ड हाउस' टाइम कंपनीकडे गेला. २०१४ मध्ये मोरॅश यांना एमी या टीव्ही पुरस्कारांचा जीवनगौरव मिळाला. नॉर्म २०२२ मध्ये निवृत्त झाला, पहिल्या घरापासून चार दशकांहून जास्त. हाऊ-टू टेलिव्हिजनचा जनक असं मोरॅश यांना म्हणतात, आणि मला ते पूर्ण पटतं, कारण त्यांच्या आधीही टीव्हीवर हातोडा दिसत होता पण हातोडा धरणाऱ्या माणसाला बोलता येतं, शिकवता येतं, आणि लाखो लोक त्याचं ऐकतात, हे त्यांनी करून दाखवलं. अमेरिकेत कॉलेजची पदवी नसलेल्या माणसाकडे बघायची नजर फार चांगली नव्हती आणि आपल्याकडे तर सुतार, गवंडी, प्लंबर यांना अजूनही 'तो काम करायला आलाय' इतकंच मानतात. अशा माणसाला घराघरात आदराने बसवणं, तेही कुठलंही भाषण न देता, नुसतं त्याच्या हातांवर कॅमेरा लावून, हे मोठं काम आहे आणि ते करणाऱ्याचं नाव लोकांना माहीत नसावं याचं मला वाईट वाटतं, म्हणून हे सगळं लिहिलं.

कुणाला बघायचं असेल तर न्यू यांकीचे जुने भाग यूट्यूबवर आहेत, तिथून सुरुवात करा, साधं टेबल किंवा बाक असलेला कुठलाही. पहिल्यांदा नुसतं बघा. दुसऱ्यांदा लावाल तेव्हा नॉर्मकडे नको, कटकडे, म्हणजे एक शॉट कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो तिकडे लक्ष द्या, कॅमेरा किती वेळ एका जागी थांबतो, हात चालू असताना चेहऱ्यावर जायचा मोह कसा टाळतो, आणि पटाशी लाकडात शिरते त्या क्षणी बोलणं कसं थांबलेलं असतं. ते सगळं मोरॅश.